उचलीपासून फर्म्यापर्यंत

ऊसतोडीवर पुस्तक लिहायचं ठरलं की बहुतेक जण दसऱ्यानंतर निघतात. ट्रॅक्टरवर लादलेला संसार, वर शेरडं, कोंबड्या, लेकरं. फोटो चांगला येतो. पण तोवर उशीर झालेला असतो. हंगामाची गोष्ट सुरू होते आषाढ-श्रावणात, उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेच्या, बोलणीपासून. ती बोलणी ज्यानं ऐकली नाही, त्याला फडात दिसणारं निम्मं उलगडत नाही. अंगात ताप असताना माणूस कोयता का धरतो, दिवस भरत आलेली बाई मोळी का उचलते, जमत नसेल तर टोळी सोडून लोक गावी का येत नाहीत, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं पावसाळ्यात दिलेल्या त्या रकमेत असतात. म्हणून केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातलं काम मी पावसाळ्यात धरतो. तेव्हा लोक गावात असतात आणि टोळ्या जमवणारे मुकादम दारोदार फिरत असतात.

हंगामाचं आणि लेखकाचं वेळापत्रक मात्र जुळत नाही. मराठवाड्यात ललितेतर लिहिणारे बहुधा शिक्षक, प्राध्यापक, पत्रकार, नाहीतर बँकेत किंवा महसुलात नोकरीला. निव्वळ पुस्तकांवर इथं घर चालत नाही, त्याचा हिशोब पुढं देतो. शिक्षकाला मोठी सुट्टी मेमध्ये, तेव्हा टोळ्या परत आलेल्या असतात. फड बघायचा तो कार्तिक ते फाल्गुन, म्हणजे दिवाळीची सुट्टी, शनिवार-रविवार आणि किरकोळ रजा. एका हंगामात हे उरकत नाही. पहिला हंगाम माणसं आणि जागा ओळखीच्या होण्यात जातो, दुसरा एकाच टोळीमागं राहण्यात, तिसरा लिहिलेलं तपासण्यात. प्रकाशकाला तारीख देताना हे धरूनच द्यावी.

उचलीबद्दल काय विचारायचं ते आधी ठरवून जावं. कोयता म्हणजे एक जोडी, नवरा-बायको. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. दर कोयत्यामागं विचारायचं ते असं: रक्कम किती, कधी मिळाली, रोख की खात्यावर, कोणासमोर, कागद कसला झाला, आणि मागची बाकी किती. या सगळ्यात मागची बाकी हा सर्वात मोलाचा आकडा आणि तोच सरळ विचारला की खोटा मिळतो. भावकीसमोर माणूस कमी सांगतो, सोयरीक जुळवायची असेल तर आणखी कमी. त्यापेक्षा पैसे कुठं गेले ते विचारावं: लग्न, दवाखाना, खत-बियाणं, सावकार, घराचे पत्रे. खर्चाची बेरीज मारली की आकडा आपोआप जवळ येतो. मग मुकादमाची वही पाहायला मागावी. दोन्हींत मोठी तफावत निघाली तर ती तफावतच नोंदवायची, सरासरी काढत बसायचं नाही.

मुकादमाला टाळून लिहिलेली पुस्तकं मला अर्धवट वाटतात. मुकादम कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे घेतो, त्यासाठी बाँड करून देतो, कधी जमीन अडकवतो, आणि कोयता पळाला तर तो खड्डा त्याच्या अंगावर येतो. तो बिचारा आहे असं नाही. वसुलीसाठी माणसं डांबून ठेवणारे मुकादमही आहेत आणि वेठबिगार पद्धतीविरुद्धचा कायदा १९७६ पासून अस्तित्वात आहे. पण साखळीत त्याच्या वर कोण आहे हे वाचकाला दिसलं नाही, तर सगळं पाप एका माणसाच्या नावावर जातं आणि कारखान्याचं शेतकी खातं चित्रातच येत नाही.

वही. मी मोठ्या आकाराची, शिवलेली वही वापरतो. स्पायरलची पानं ट्रॅक्टरच्या धक्क्यात निसटतात. उजव्या पानावर पाहिलेलं आणि ऐकलेलं, डावं पान कोरं. डाव्या पानावर नंतर पुरावा येतो: पावतीचा क्रमांक, रेकॉर्डिंगच्या फाईलचं नाव, दुसऱ्या कोणी दुजोरा दिला असेल तर त्याची खूण. छापायला जाईतो ज्याचं डावं पान कोरं राहिलं, ते वाक्य पुस्तकातून जातं. हा नियम कठोर वाटतो आणि चांगली चांगली वाक्यं त्यात मरतात. पण ललितेतर लेखकाची मोकळीक मांडणीत असते: काय आधी सांगायचं, कुठं थांबायचं, कोणाच्या बाजूनं दाखवायचं. घटना त्याच्या मालकीच्या नसतात. बॉलपेन वापरावं, पहाटेच्या दंवात जेल पेनची शाई पसरते.

रेकॉर्डिंगला साधा फोन पुरतो, पण तो शर्टाच्या खिशात ठेवला तर कापडाची घासाघीस तेवढी नीट ऐकू येते. कॉलरला लावायचा छोटा माइक घ्यावा, त्यावर स्पंजाची टोपी असावी आणि फोन फ्लाइट मोडवर टाकावा. ट्रॅक्टर सुरू असताना घेतलेली मुलाखत वाया जाते. फाईलला नाव देताना तारीख, गाव आणि माणसाचा सांकेतिक क्रमांक घालावा, नाव घालू नये. रात्री झोपायच्या आत दोन ठिकाणी प्रत करावी. एक तासाचं बोलणं कागदावर उतरवायला पाच-सहा तास लागतात. आता फोनमधली सोय बोलणं आपोआप टंकून देते, पण ती बोली धुऊन काढते. ‘इचारलं’चं ‘विचारलं’ होतं, ‘म्हून’चं ‘म्हणून’, ‘लेकराईला’चं काहीतरी भलतंच. कच्चा आराखडा म्हणून ठीक, पण पुस्तकात अवतरणचिन्हांत जाणारं प्रत्येक वाक्य कानानं ऐकूनच उतरवावं लागतं.

फडावर जाण्याआधी परवानगीची उतरंड सांभाळावी लागते. टोळीनं हो म्हटलं तरी मुकादमाला कळवायचं. शेत ज्याचं त्या शेतकऱ्याला विचारायचं. कारखान्याच्या आवारात, वजनाच्या काट्यावर किंवा ऊस गाळपाला टाकतात त्या गव्हाणीपाशी जायचं तर शेतकी अधिकाऱ्याचं लेखी पत्र घ्यायचं. कुठल्या फडात कधी तोड आहे हे चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, ठाऊक असतं. त्याच्याशी ओळख असली की निम्मी धावपळ वाचते. शिधा आपला आपण न्यावा. कोपीतल्या, म्हणजे टोळीच्या झोपडीतल्या, चुलीवर कोणासाठी तरी जादा भाकरी थापावी लागणं, हा त्या बाईच्या झोपेतून गेलेला वेळ असतो.

टोळ्यांचे प्रकार आधी समजून घ्यावेत, कारण पुस्तकातला हिशोब त्यावर अवलंबून आहे. ट्रकला किंवा ट्रॅक्टरला जोडलेल्या टोळीत वजनपावती गाडीची असते, जोडीची नसते. कोयत्यांत सारखी वाटणी होते, म्हणून कोणी आजारी पडून घरी बसलं की बाकीच्यांना ते खटकतं आणि खाडा, म्हणजे गैरहजेरी, लागतो. गाडीसेंटरला बैलजोडी आणि टायरगाडी जोडप्याच्या ताब्यात असते. तोडायचं, भरायचं, कारखान्याच्या काट्यावर न्यायचं, सगळं त्यांचंच, पावतीही त्यांची. एका कुटुंबाचा टनाटनाचा हिशोब पुस्तकात मांडायचा असेल तर गाडीसेंटरची जोडी धरावी. टोळीतलं राजकारण दाखवायचं असेल तर ट्रकची टोळी.

काम पहाटे तीन-चारला सुरू होतं. बुडातून तोड, पाचट सोलणं, शेंड्याचं वाढं छाटणं, वाढ्यानंच मोळी बांधणं, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणं. तोडीला वेळ असते, भरायला नसते. गाडी रात्री अकराला आली तर अकराला भरायची. नवा लेखक सकाळी नऊला येऊन दुपारी जातो आणि भरणीचे, म्हणजे अपघात होतात ते तास, त्याला दिसतच नाहीत. टोळीमागं राहायचं म्हणजे गाडीची वाट बघत कोपीबाहेर बसायची तयारी हवी. बोलणीही तेव्हाच होतात. तोड चालू असताना कोणी बोलत नाही आणि बोलायला लावूही नये, कारण टन बुडतो.

पैशाचं प्रकरण पुस्तकाचा कणा. ते नुसत्या हळहळीनं लिहिलं की वाचक दोन पानांत उडी मारतो. आकड्यांनी लिहिलं की थांबतो. समजा, एका कोयत्याची उचल १ लाख आणि मागची बाकी २० हजार. दर टनाला ३५० रुपये धरू. प्रत्यक्ष दर साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या करारानुसार बदलतो, तो त्या त्या हंगामाचा घ्यावा. जोडीनं दिवसाला दोन टन तोडला तर ७०० रुपये. १२० दिवस पूर्ण भरले तर ८४ हजार. त्यातून किराणा-तेलामिठासाठी मधूनमधून मिळालेली खर्ची वजा होते. पंधरवड्याला अडीच हजार धरली तर आठ पंधरवड्यांचे २० हजार. उरले ६४ हजार. फेडायचे होते १ लाख २० हजार. म्हणजे चार महिने राबून ५६ हजार बाकी पुढच्या वर्षाच्या माथी. हा हिशोब एका पानात, नाव-गावासह, पावत्यांवरून मांडला की वेगळं भाष्य करायला लागत नाही. शेजारी एवढंच ठेवावं की त्याच उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत शेतकऱ्याला चौदा दिवसांत द्यावी, असं १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तोडणाऱ्यासाठी तसा दिवस ठरलेला नाही.

वहीत न येणारे पैसेही शोधावेत. बायका वाढ्याच्या पेंढ्या जवळपासच्या गोठेवाल्यांना विकतात, ती रोख रक्कम बहुधा त्यांच्याच हातात राहते आणि नवऱ्याला विचारलं तर तिचा उल्लेखही होत नाही. तोड लवकर मिळावी म्हणून शेतकरी टोळीला खुशाली देतो, ड्रायव्हरला एंट्री. ही रक्कम कोणीच कागदावर धरत नाही. उलट बाजूला पाऊस, कारखान्याचा बिघाड, गाडी न येणं, यांनी फुकट गेलेले दिवस. वरचे १२० दिवस कागदावरचे; खरे मोजायचे तर टोळीतल्या कोणाकडून तरी रोजची नोंद ठेवून घ्यावी. शाळा शिकलेली एखादी मुलगी कॅलेंडरवर खुणा करायला आनंदानं तयार होते.

बायकांच्या मुलाखती बाईनंच घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे आणि मी त्यासाठी सोबतीला कायम एक सहकारी नेतो. पुरुषानं विचारलं की उत्तर ठरलेलं: “आमचं काय इचारता, त्यायलाच इचारा.” पाण्याच्या खेपेला, चुलीपाशी, धुणं धुताना बोलणं होतं. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि राज्य सरकारनं समिती नेमली, तेव्हापासून बाहेरून येणारा प्रत्येक जण पहिल्याच भेटीत तोच प्रश्न विचारतो. बायका त्याला विटल्या आहेत. तो विषय त्यांच्याकडून निघाला तरच घ्यावा. निघाला तर शस्त्रक्रियेचं वर्ष, वय, सांगितलेलं कारण, खर्च आणि तो कोणाकडून उचलला, एवढं विचारावं. डिस्चार्ज कार्ड असेल तर त्यावरचं निदान वाचून घ्यावं. कार्डाचा फोटो मात्र संमतीशिवाय काढायचा नाही.

वयाच्या बाबतीत कागदावर आंधळा विश्वास टाकू नये. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा असतो, कारण नाव घालताना गुरुजींनीच तारीख टाकलेली असते. मुलीचं लग्न अठराच्या आत झालं का, असा प्रश्न असेल तर लसीकरणाचं कार्ड किंवा उपकेंद्रातली नोंद पाहावी. म्हाताऱ्यांचं वय तर घटनांवरूनच काढावं लागतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायच्या वयाची होतीस का, सुकडी खाल्लेली आठवते का, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी कोणी थापल्या, त्या साली पहिलं लेकरू होतं का. अलीकडच्या काळासाठी ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप ही चांगली खूण आहे. त्या पहाटे आपण कुठं होतो, हे लातूर-धाराशिवकडचा प्रत्येक जण सांगतो. तिथून पुढं-मागं मोजायचं. दिवस लोक तिथीनं सांगतात, तेव्हा जुनी पंचांगं जवळ असावीत. ‘त्या रात्री लई पाऊस होता’ हे वाक्य कृषी विभागाच्या ‘महारेन’वर मंडळनिहाय तपासता येतं आणि ‘शिमग्याआधीच कारखाना बंद पडला’ हे साखर आयुक्तालयाच्या गाळप अहवालावर.

हे कुटुंब ऊसतोडीत आलंच का, याचं उत्तर शोधायला आजोबांच्या जमिनीपर्यंत जावं लागतं, आणि मराठवाड्यात तिथं निजामाचं दप्तर आडवं येतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४च्या सुमाराचं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, मिळतं, त्याच्या मागं गेलं की उर्दू सुरू होते, काही गावदप्तर मोडीत. दोन्ही वाचणारे थोडे. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्याची मोहीम सुरू झाल्यापासून त्यांना उसंत नाही. या लिप्या वाचणाऱ्याला मजुरी द्यावी, त्याच्याकडून आधी अक्षरशः लिप्यंतर घ्यावं आणि अर्थ वेगळ्या रकान्यात लिहून घ्यावा. दोन्ही एकत्र केलं की वाचणाऱ्याचा अंदाज कागदातला मजकूर म्हणून पुस्तकात शिरतो. साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं, असतं. त्यात ५९१ मिळवले की इसवी सन येतं, पण हैदराबाद संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरात आजर महिन्यानं सुरू व्हायचं, म्हणून आजर, दै आणि बहमनच्या बऱ्याचशा नोंदी ५९० मिळवल्यावरच बरोबर बसतात. सप्टेंबर १९४८ची हैदराबादवरची पोलीस कारवाई फसली १३५७च्या शेवटी, आबानमध्ये येते. रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयात, असेल तर ढोबळ हिशोब सात हालीला सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेलं इनाम) किंवा सेवा इनामाची जमीन निघाली, तर १९५४च्या इनाम निर्मूलन कायद्यानं पुढं तिचं काय झालं ते फेरफारावरून पाहावं. घरात सांगितली जाणारी ‘आपली जमीन पाटलानं खाल्ली’ ही गोष्ट कधी खरी निघते, कधी निम्मी. निम्मी निघाली तर तसंच लिहावं.

सरकारी आकड्यांसाठी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत. लांबलचक प्रश्नावली पाठवली की ती याच कारणानं परत येते. सहकारी कारखान्याला थेट अर्ज करून उपयोग होत नाही. सहकारी संस्था आपोआप सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये सांगितलं आहे. पण तीच माहिती प्रादेशिक साखर सहसंचालकांकडं असते, अर्ज तिकडं करावा. ‘किती मजूर आले’ असं विचारू नये, ‘अमुक हंगामातील तोडणी-वाहतूक कराराच्या यादीची प्रत’ असं मागावं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, वीस रुपयांचं तिकीट. दुसऱ्या अपिलाला आयोगाकडं इतका काळ जातो की तो आकडा दुसऱ्या आवृत्तीसाठीच धरावा.

लिहायला बसताना सगळ्यात आधी मी प्रकरणांची नव्हे, दृश्यांची यादी करतो: कोणतं दृश्य मी स्वतः पाहिलं, कोणतं ऐकीव, कोणतं कागदावरून उभं केलं. तिन्हींची भाषा वेगळी ठेवावी लागते. पाहिलेलं वर्तमानकाळात चालतं. ऐकीव असेल तर सांगणारा वाक्यात दिसला पाहिजे. माणसाच्या मनात काय चाललं होतं हे त्यानं सांगितलं असेल तरच लिहायचं, आणि सांगितलं म्हणूनच लिहायचं. संवाद वहीत किंवा फाईलमध्ये असेल तेवढाच. दोन माणसांचं मिळून एक पात्र करण्याची पद्धत काही जण वापरतात. मला ती मान्य नाही, तसं करायचं तर कादंबरी लिहावी.

बोली किती ठेवायची यावर संपादकाशी भांडण ठरलेलं. माझा तोडगा असा की अवतरणात बोली पूर्ण, निवेदनात फक्त कामाचे शब्द: कोयता, उचल, खर्ची, खाडा, कोपी, वाढं. ते तिरप्या अक्षरांत टाकू नयेत आणि शेवटी शब्दार्थांची यादीही देऊ नये. पहिल्यांदा येतात तिथं वाक्यातूनच कळले पाहिजेत. बीडची बोली आणि नांदेडची बोली एक नाही. देगलूरकडच्या माणसाच्या तोंडी केजची रूपं घातली, तर तिकडचा वाचक पुस्तक खाली ठेवतो.

नावांचा निर्णय माणूस माणूस पाहून घ्यावा लागतो. संमती दोनदा घ्यावी, बोलताना एकदा आणि मजकूर वाचून दाखवल्यावर दुसऱ्यांदा. नाव बदललं तरी गाव, पोटजात, लेकरांची संख्या आणि घराची जागा तशीच ठेवली तर गावातला कोणीही ओळखतो, त्यामुळं त्यातलं काय धूसर करायचं तेही ठरवावं. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, तिथं निवडीचा प्रश्नच नाही. बदनामीचं कलम ३५६. त्याला उत्तर म्हणजे डावं पान, आणि ज्याच्यावर आरोप येतो त्याला छापण्याआधी लेखी प्रश्न पाठवून, उत्तर आलं तर ते पुस्तकात घेणं.

वाचून दाखवणं पाडव्यानंतर. टोळ्या परतलेल्या असतात, हिशोब झालेला असतो, उन्हामुळं दुपारी लोक घरात असतात. आपल्यावरचा भाग सगळ्या घरासमोर वाचायचा की एकट्यालाच, हे त्या माणसालाच विचारावं. कर्जाचा आकडा सुनेसमोर निघालेला सासऱ्याला नको असतो. हरकती येतात त्या लेखकाला अपेक्षित नसलेल्या जागी. मारहाणीचा उल्लेख चालतो, पण चहाला दूध नव्हतं हे काढा म्हणतात. चुकीची गोष्ट लगेच दुरुस्त करायची. खरी पण नकोशी गोष्ट असेल तर ती पुस्तकाला किती लागते ते बघून ठरवायचं. माझा कल काढण्याकडं असतो.

छपाईचं थोडक्यात. साठ हजार शब्दांचा मजकूर डेमी आकारात पानाला तीनशे शब्द धरले तर २०० पानांच्या आसपास जातो. सोळा पानांचा फर्मा, म्हणजे तेरा फर्म्यांत २०८ पानं. नकाशा आणि हिशोबाचे तक्ते त्यातच बसवावेत. एक पान वर गेलं की नवा फर्मा चढतो आणि खर्चही. युनिकोडमध्ये दिलेला मजकूर डीटीपीवाला स्वतःच्या फॉन्टमध्ये बदलतो तेव्हा ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र फुटतो, जोडाक्षरं सुटतात, आकडे इंग्रजी होतात. मुद्रितं तपासताना पहिली फेरी फक्त याच खोडींसाठी करावी, दुसरी फक्त आकड्यांसाठी, वही शेजारी ठेवून. कागद ७० जीएसएम नॅचरल शेड, बांधणी शिलाईची मागावी. स्वस्तातलं नुसतं चिकटवलेलं बाइंडिंग ग्रंथालयात दोन उन्हाळे काढत नाही. आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नयेत.

आता तो राहिलेला हिशोब. किंमत ३०० रुपये, आवृत्ती हजार प्रतींची, मानधन दहा टक्के धरलं तर प्रतीमागं ३०, सगळ्या प्रती खपल्या तर ३० हजार, आणि त्या खपायला काही वर्षं. वितरकाची सूटच चाळीस टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून प्रकाशकही हात आखडता घेतो. करारात मानधन छापील किमतीवर आहे की निव्वळ जमेवर, हे वाचल्याशिवाय सही करू नये. अनुवाद, ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क सरसकट लिहून देऊ नयेत. दिवाळी अंकात आधी दोन-तीन प्रकरणं देण्याचा फायदा पैशापेक्षा वेगळा आहे: गावातले, कारखान्यातले, संघटनेतले लोक वाचतात आणि चुका दाखवणारे फोन येतात. पुस्तकाआधीची ती फुकटातली तपासणी. तालुक्याच्या ग्रंथालयात, महाविद्यालयात, जिल्हा ग्रंथोत्सवात बोलायला गेलं की प्रती हलतात. मराठवाड्यात दुकानांपेक्षा खप तिथंच जास्त.

पुस्तक आल्यावर वह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष, फौजदारी तक्रारीची तीन. पण नवी आवृत्ती निघाली की वाद नव्यानं उभा राहू शकतो. म्हणून पुस्तक बाजारात असेतो सगळं कागद-फायलींसकट ठेवावं. पत्र्याची पेटी भिंतीपासून आणि जमिनीपासून थोडी उचलून ठेवावी, वाळवी खालून येते. थर्मल कागदावरच्या काट्याच्या पावत्या वर्षभरात पुसट होतात, त्यांच्या झेरॉक्स मिळाल्या त्याच आठवड्यात काढाव्यात. बदललेली नावं आणि खरी नावं यांची यादी मात्र त्या पेटीत ठेवू नये. ती वेगळ्या वहीत, वेगळ्या घरात असावी.